बोडक्या वाफ्यातला आंबा

सुनंदा,

तुझ्या बोडक्या वाफ्यात आंबा लावलाय.

आधी हेच सांगून टाकते, कारण दुसरं काहीही बोलायला घेतलं तर तू मला मध्येच तोडणार आणि विचारणार, ‘ते राहू दे, वाफ्याचं काय झालं?’ सांगलीच्या हॉस्पिटलात नाकात नळी असतानासुद्धा तू तेच करायचीस. तर वाफ्याचं हे असं झालं. मधोमध खड्डा खणला, तुझी रक्षा त्यात घातली आणि वर आंब्याचं कलम लावलं. केशर. त्या मुरमाड उतारावर केशर! मी उभा जन्म पोरांना कृषिविद्या शिकवली, कुठल्या रानात काय येतं आणि काय येत नाही हे सांगत आले, आणि माझ्या डोळ्यांदेखत हे झालं. वर पहिली ओंजळभर माती माझ्याच हातानं लोटून घेतली त्यांनी.

परवा तुझं तेरावं झालं. तू गेलीस हे मला अजून पटलेलं नाही, पण वाफा गेला हे मात्र लगेच पटलं, कारण ते मी पाहिलं. तुला जाताना मी पाहिलं नाही. सकाळच्या गाडीनं निघायचं म्हणून डबा भरत होते, तेवढ्यात फोन आला. डब्यात तुझी आवडती मुगाची खिचडी होती. ती मग कुणीच खाल्ली नाही.

तेराव्याला तुमच्या भावकीतल्या एक काकू माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, त्या बोडक्यात आक्का जलमभर करत काय हुत्या वं?’ मी सांगायला लागले. म्हटलं, माळाच्या उतारावर शेजारीशेजारी तीन वाफे आहेत, कडेनं पत्रे रोवून वेगळे केलेले. एकात गवत. एकात बाजरी, लोक पेरतात तशीच, वरून खाली. आणि एकात काही नाही. पाऊस पडला की ज्या त्या वाफ्यातली माती पाण्याबरोबर पन्हळीतून खालच्या टाकीत येते. पावसाच्या दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी बाटलीत भरून न्यायचं, आटवायचं, उरलेली माती वजन करायची. म्हणजे कळतं, कुठल्या रानातून किती माती जाते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘आन त्या रिकाम्यातनं लय जाती?’ म्हटलं, लय जाते. ‘मंग त्यात कायतरी लावायचं की वं!’

सुनंदा, मला तिथं बसल्याबसल्या हसू फुटलं. तेराव्याच्या पंगतीत! हेच वाक्य मी तुला इतकी वर्षं ऐकवलं, आणि तू प्रत्येक वेळी माझ्याकडे अशी बघायचीस की मी काल शेतीच्या शाळेत नाव घातलंय. काकूंना मी तुझं उत्तर दिलं. उघडं ठेवलं नाही तर झाकल्यानं काय वाचतं ते कशाशी ताडून बघायचं? काकू म्हणाल्या, ‘आसंल बया,’ आणि बुंदी वाढायला उठल्या.

आपण दोघी एकाच वर्षी कॉलेजात शिकवायला लागलो. तू मृदाशास्त्र, मी कृषिविद्या. तू माती बघायचीस, मी तिच्यावर काय उगवलंय ते बघायची. उघडी जमीन दिसली की माझे हात शिवशिवतात, दोष तरी कुणाला देऊ, शिक्षणच तसलं झालं. कॉलेजच्या रानात तू पहिल्यांदा मला तसला वाफा दाखवलास तेव्हा मी म्हटलं, ‘आणि ह्यात काय टाकणार?’ तू म्हणालीस, ‘काही नाही.’ मला वाटलं, बियाणं मिळालं नसेल. तू म्हणालीस, ‘काही नाही म्हणजे काहीच नाही, विजू. हा असाच झिजवायचा. मुरूम लागेपर्यंत.’ जमीन वाचवायचं शिकवणारी बाई, आणि स्वतः होऊन एक तुकडा मरायला सोडते! मी त्या दिवशी तुला निर्दय म्हटलं होतं. तुला तो शब्द आवडला असावा, कारण पुढं तू स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागलीस. ‘ह्या विजया मॅडम, ह्या झाडं लावतात. मी सुनंदा, मी निर्दय.’

कॉलेजातलं ते काम बंद पडलं आणि वाफ्यांच्या जागेवर हॉस्टेल उठलं, तेव्हा तू हातपाय गाळून बसशील असं मला वाटलं होतं. तू रजा टाकलीस आणि रहिमतपूरच्या अलीकडं आपल्या घरच्या माळावर गेलीस. संपत, तुझा धाकटा भाऊ, तेव्हा फौजेतून सुट्टीवर आला होता. तू त्याला माळ मागितलास. तो म्हणाला, ‘घे की आक्का, हितं कुसळाबिगर उगवतंय तरी काय?’ आणि सुट्टी संपेपर्यंत तो तुझ्याबरोबर पत्रे रोवत राहिला. बाकीची मंडळी सुट्टीत लग्नं उरकतात, सुनंदाच्या भावानं पत्रे रोवले.

लोकांना वाटतं, बोडकं ठेवायला काय लागतं? काही केलं नाही की झालं बोडकं. तसं असतं तर बरं झालं असतं. पावसाळ्यात दगडावरसुद्धा काहीतरी उगवतं. हरळी, कुंदा, आघाडा, नावं घेऊन तुला शिव्या घालायची मी. दर आठवड्याला आपण दोघी एस.टी.नं जायचो, वाफ्यावर आडवी फळी टाकायचो, पाय मातीत पडायचे नाहीत म्हणून फळीवरूनच ओणवं होऊन एकेक काडी उपटायचो. उपटलेल्या तणाची मुळं वाफ्यावरच झटकायची. जाताना चपलांचे तळ काडीनं खरवडायचे, कारण वाफ्याची माती वाफ्यातच राहिली पाहिजे, चपलेबरोबर साताऱ्याला आली तर हिशेबात खोट. एकदा माझ्या साडीच्या काठाला चिखल लागला होता, तर तू मला बांधावर उभं करून तो वाळेपर्यंत थांबवलंस आणि मग नखानं खरवडून परत टाकलास. गाडी चुकली. मी रस्ताभर तुझ्याशी बोलले नाही, आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही.

गवताच्या वाफ्याकडं तू वर्षातून एखाद्या वेळी बघायचीस. फौज सोडून घरी आल्यापासून बाजरी संपत पेरायचा, तोच काढायचा. बोडका मात्र तुझा. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तुला चालायचा नाही. माझा चालायचा, तोही तपासून. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढं जे झालं ते ह्यातूनच झालं, आणि त्यात कुणाला बोल लावावा हे मला अजून कळत नाही.

पहिल्या वर्षाच्या पोरांना घेऊन आपण उंब्रजला जायचो, माझ्या सासरी, पुलावर. खाली नदी चहासारखी लाल. तू विचारायचीस, ‘काय चाललंय?’ पोरं म्हणायची, ‘पाणी, मॅडम.’ ‘पाणी कसलं! नीट बघा. कुणाचं रान चाललंय?’ एका वर्षी मागं उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आमचं आसंल, मॅडम. आमचं वरल्या अंगाला हाय.’ सगळे हसले. तू हसली नाहीस. तू तिच्या शेजारी जाऊन कठड्याला टेकलीस आणि तिला विचारत बसलीस, रान कुठं, उतार कसा, पेरता कसं, बांध आहे का. बाकीच्यांना मी घरी नेऊन पोहे खायला घातले. परत जाताना मी तुला डिवचलं, की बघ, एवढं सगळं आपोआप वाहून चाललंय आणि तू वर आणखी एक वाफा वाहू देतेस. तू म्हणालीस, ‘तो मोजलेला आहे गं. बाकीचं कोण मोजतंय?’ मी विषय सोडला, पटलं म्हणून नाही, तुझा आवाज बसला होता म्हणून.

आणि आमचे हे गेले तेव्हाचं. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आता दाखवते. घरात बायकांची रीघ लागलेली, जी ती माझ्या गळ्यात पडून मलाच धीर सुटेल असं बोलत होती. तू आलीस. चहा घेतला नाहीस, डोळ्यांना पदर लावला नाहीस. म्हणालीस, ‘चप्पल घाल.’ सुतकात, सगळ्यांच्या देखत, तू मला घराबाहेर काढलंस आणि माळावर नेऊन हातात खुरपं दिलंस. सासूबाईंनी पुढं किती तरी दिवस माझ्याशी अबोला धरला होता. आपण फळीवर ओणव्या होऊन कुंदा काढत होतो. तू एक अक्षर बोलली नाहीस, फक्त एकदा म्हणालीस, ‘आगं, मुळाची माती झटक.’ मी मुळं झटकत झटकत रडले. पोटभर रडले. तू फळी पुढं सरकवत राहिलीस. त्या दिवसानंतर मी जगायला लागले, सुनंदा. तुझे आभार मानायचे तर तू म्हणाली असतीस, ‘पुढच्या रविवारी लवकर ये.’

निवृत्त झाल्यावरही आपण जातच राहिलो. कॉलेजातली नवी मंडळी चांगली आहेत, नमस्कार करतात, प्रयोगशाळेतला ओव्हन वापरू देतात, पण वाफ्यावर यायला कुणाला सवड नव्हती. भोवतालचे माळ जेसीबीनं सपाट होत चालले, पाइपलाइनचं पाणी आलं, ऊस चढला. तुझा उतार तेवढा उतार राहिला. संपतला लोक वेड्यात काढायचे. तो म्हणायचा, ‘आक्काचं हाय.’

मग तुझं दुखणं निघालं आणि तुला सांगलीला हलवलं. मी कराडला गाडी बदलून यायची. तू विचारायचीस, ‘मुरूम कुठवर उघडा पडलाय?’ मी सांगायची, वरच्या अंगाला सगळा पडलाय, खाली अजून बोटभर माती आहे. ‘म्हणजे अजून एक पावसाळा,’ तू म्हणायचीस, आणि मी म्हणायची, हो, अजून एक. मुरूम लागला की तुझं काम पुरं होणार होतं. जमीन पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी जाते हे तुला बघायचं होतं, आणि शेवट हाताशी आला होता. एकदा तू म्हणालीस, ‘विजू, समज मी नसले, तर वाफ्याचं...’ मी म्हटलं, ‘आधी डाळिंबाचा रस घे.’ तू घेतलास. पुढच्या खेपेला मी वाट बघत होते, की तू विषय काढशील. तू बहुधा वाट बघत होतीस, की मी काढीन. तू खिडकीकडे बघत होतीस आणि मी सलाईनच्या थेंबांकडे. त्याच्या पुढच्या खेपेला तुला गुंगी होती.

म्हणजे मला ठाऊकच नाही. पुढं चालू ठेवायचं होतं का बंद करायचं होतं? मी खुरपत राहावं असं तुला वाटत होतं, का तू मला मोकळी करणार होतीस? काहीच माहीत नाही. इतकी वर्षं भांडलो आपण त्या वाफ्यावरून आणि नेमकं हे राहिलं.

तिसऱ्या दिवशी सावडायला मी पोचले तोवर खड्डा खणून झाला होता. आता तुमच्याकडे बऱ्याच घरांतून रक्षा नदीत सोडत नाहीत, आपल्याच रानात घालतात आणि वर झाड लावतात. चांगली रीत आहे. आपण दोघींनी चार ठिकाणी तिचं कौतुकही केलंय. पण खड्डा बोडक्यात होता. सगळी भावकी वाफ्यात उभी. पत्रा वाकवून वाट केलेली. आणि सुनंदा, सगळ्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. देवळात जावं तसे अनवाणी, आदरानं, ओल्या मातीत ते रुतवून रुतवून पाय टाकत होते. आपली फळी कुणीतरी उचलून त्यावर हार आणि नारळ मांडले होते.

मी संपतला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘संपतभाऊ, इथं नको. ते गवताच्या वाफ्याच्या कडेला लावू या.’

‘का वं, मॅडम?’

‘अहो, हा उघडाच ठेवायचा होता. सुनंदाचं काम होतं ना ह्याच्यावर. ह्यात काहीही लावलं तर ते सगळं...’

‘म्हाईत हाय की मला. पत्रं कुणी रवलं?’ तो हळू बोलत होता. डोळे सुजलेले, टोपी हातात. ‘मॅडम, आक्कानं एवढ्या माळात ह्या एका तुकड्यावर हात फिरवला. गवताकडं बगितलं न्हाई. बाजरी म्या पेरली. ह्यातली काडी मातूर दुसऱ्या कुणाला उपटू दिली न्हाई. पोटच्या पोरावाणी जपला तिनं ह्यो. मंग तिला कुटं ठिवू म्या? बाजरीत?’

तो चुकीचं काय बोलत होता? लांबून बघणाऱ्याला तसंच दिसणार, की तीन वाफ्यांत हा लाडका. आणि होताच की तो लाडका.

‘आन जलमभर उनात ऱ्हायलाय ह्यो,’ तो म्हणाला, ‘आता तरी ह्याला सावली हू द्या.’

मी नुसती मान हलवली, आणि ती होकाराची मान त्यानं धरली. गावच्या सरपंचांनी मग भाषण केलं. ‘ज्या उजाड तुकड्यावर काही उगवावं म्हणून मॅडमनी आयुष्यभर धडपड केली, त्या तुकड्यावर आज त्यांच्या स्मृतीचा वृक्ष...’ मला हसू आलं, ते दाबायला गेले तर रडू फुटलं, आणि बायकांनी मला दोन्हीकडून धरलं. तू असतीस तर खड्ड्यात उडी मारून भाषण थांबवलं असतंस. आणि खड्ड्यातच तर होतीस तू. संपतनं मला पुढं बोलावलं. ‘मॅडम, पयली माती तुमी लोटा. तुमच्यावाणी तिचं कोण हुतं?’

मी लोटली. शेवटी माझंच खरं झालं म्हण, वाफ्यात कायतरी लावा म्हणत होते, लागलं. पण असं जिंकायचं नव्हतं गं मला. तू समोर असताना, तोंड वाकडं करून, ‘बरं बाई, टाक तुझा हुलगा,’ असं म्हणायला हवं होतंस. हुलगा टाकला असता मी तिथं. हुलगा किती छान येतो मुरमावर. आंबा कोण लावतं?

तेराव्यापर्यंत पावसानं दम धरला. संपत रोज कळशीनं पाणी घालत होता. कलमाभोवती त्यानं भुसभुशीत मातीचं मोठं आळं केलं होतं, कडेनं दगड, मधे उदबत्त्या. परवा पंगती झाल्यावर मला हौसेनं दाखवायला घेऊन गेला. एक नवी पालवी फुटली होती. मी छान आहे म्हटलं.

काल दुपारी परतीचा पाऊस आला. तू ज्याची वाट बघायचीस तसला, तासाभरात माळ फोडणारा. साताऱ्यात मी खिडकीशी उभी होते आणि पूर्वेकडचं काळं बघत होते. बोडकी जमीन, वर पायानं तुडवलेली, मध्ये भुसभुशीत खड्डा. काय होणार हे मी परीक्षेत विचारलं असतं तर पहिल्या वर्षाच्या पोरानंही लिहिलं असतं.

आज सकाळच्या गाडीनं गेले. पावसाच्या दुसऱ्या दिवशी जायचंच, ही तुझी शिस्त, पायांनाच सवय आहे. संपत आधीच खाली टाकीशी उभा होता. वर आळं खालच्या बाजूनं फुटून गेलं होतं, खड्ड्याचा निम्मा भाग खरवडून निघालेला, कलम एका कुशीवर कललेलं. बोडक्याची टाकी काठोकाठ. दरवर्षी तिच्यातलं पाणी तांबडं असतं. आज वरती राखाडी साय होती, आणि कडेला कोळशाचे बारीक काळे कण लागले होते.

संपत म्हणाला, ‘मॅडम, ही आक्का हाय व्हय?’

मी म्हटलं, ‘हो.’

तो टाकीच्या कठड्यावर बसला. ‘म्या तर वर ठिवली हुती,’ म्हणाला. ‘चांगली दाबून बशिवली हुती.’ मग म्हणाला, ‘तुमी म्हणत हुता तशी गवताच्या कडंला ठिवली आसती तर?’

गवताच्या वाफ्याची टाकी शेजारीच आहे. तिच्यात हातभर पाणी होतं, आणि त्यातून टाकीचं बूड दिसत होतं. त्यानं ते बघितलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. तुझी सगळी वर्षं त्या दोन टाक्यांत शेजारीशेजारी होती, सुनंदा, इतका स्वच्छ पुरावा तुला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो मला त्या माणसाच्या तोंडासमोरून उचलून कुठंतरी लपवावासा वाटत होता.

‘आता काय करायचं, मॅडम?’ तो म्हणाला. ‘परत वर घालायची का नदीला न्यायची?’ मग त्याला काहीतरी आठवलं. ‘आन बाटली? आक्का बाटली भरल्याबिगर जात न्हवती. तुमी भरणार न्हाई?’

मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी काठी उचलली. टाकीतलं पाणी आधी ढवळायचं, बुडापासून, जोर लावून, म्हणजे खाली बसलेली जड माती वर येते आणि मगच बाटलीत खरं ते उतरतं. हळूहळू ढवळलं तर नुसतं वरचं गढूळ मिळतं, ते फेकून द्यायच्या लायकीचं. हे तू मला इतक्यांदा सांगितलंयस की काठी हातात घेतली की खांद्यात आपोआप जोर येतो. काठी पाण्यात गेली. वरची राखाडी साय फाटली आणि गोल फिरायला लागली.

संपत एकदम उठला. ‘हळू, मॅडम,’ म्हणाला. ‘हळू ढवळा वं.’

मी काठी बाहेर काढली. बाटली रिकामीच पिशवीत ठेवली. आम्ही दोघांनी मिळून टाकीवर एक पत्रा झाकला, वर दगड ठेवले. मी आल्या गाडीनं साताऱ्याला परत आले आणि तुला हे लिहायला बसले. मला वाटलं होतं, लिहिता लिहिता काहीतरी सुचेल. तू रागावशील, आणि तुझ्या रागावण्यावरून मला कळेल काय करायचं ते. इतकी वर्षं असंच तर चाललं होतं आपलं.

आत्ता संपतचा फोन आला होता. माळावर पुन्हा काळं झालंय म्हणाला, वारं सुटलंय. पत्रा झाकून काय उपयोग, पाणी तर पन्हळीतून येतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. ‘पनाळ बुजवू का, मॅडम?’ बुजवली तर पाणी वर वाफ्यातच तुंबेल आणि खड्ड्यात जी उरली आहेस तीही निघशील. नाही बुजवली तर भरलेली टाकी वाहील आणि त्यात आहेस ती ओढ्याला जाशील. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि त्याला म्हटलं, ‘थांबा जरा. विचारून सांगते.’

‘बरं,’ म्हणाला. ‘कुणाला?’ असं त्यानं विचारलं नाही. फावडं घेऊन तो तिथं टाकीपाशी थांबलाय.